सरांचे पाय कुठे आहेत?

वारज्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३१, ऑफिस हिंजवडीत, दहा वर्षं ॲक्टिव्हा चालवतात, चारचाकीच्या स्टिअरिंगला अजून हात लावलेला नाही. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तीन ड्रायव्हिंग स्कूल आहेत. पहिल्याने सांगितलं: १५ दिवस, रोज ५ किलोमीटर, साडेचार हजार. दुसऱ्याने: २१ दिवस, रोज अर्धा तास, साडेसहा हजार. तिसरा म्हणतो, ‘लायसन्ससकट पॅकेज, नऊ हजार, टेस्टची काळजी आमच्यावर सोडा.’ यातलं चांगलं कुठलं, असं त्या विचारतात. शेवटी एक शंकाही जोडली आहे: गिअरची शिकू की ऑटोमॅटिक?

ताई, मी २२ वर्षं पुण्यात गाडी शिकवतोय. पहिली चार वर्षं दुसऱ्याच्या स्कूलमध्ये पगारावर, नंतर स्वतःच्या दोन गाड्या घेऊन. तुमची तिन्ही स्कूल मला माहीत नाहीत, आणि माहीत असती तरी नाव घेऊन सांगितलं नसतं. पाटीवरून स्कूल ओळखता येत नाही, हेच त्याचं कारण. एकाच स्कूलमध्ये सकाळचे सर देवमाणूस आणि संध्याकाळचे सर पूर्ण वेळ मोबाइलवर, हे मी पाहिलंय. तुम्ही पैसे मोजणार ते दोन गोष्टींसाठी. स्टिअरिंगवर तुम्ही स्वतः किती मिनिटं बसणार, ही एक. आणि त्या मिनिटांत गाडी खरंच तुम्ही चालवणार की शेजारी बसलेले सर, ही दुसरी. पहिलीचा हिशेब कागदावर होतो. दुसरीसाठी सरांच्या पायांकडे बघावं लागतं.

आधी कागदावरचा हिशेब. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे खासगी चारचाकीच्या शिकवणीला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास लागतात. २१ दिवस रोज अर्धा तास म्हणजे साडेदहा तास. दुसऱ्या स्कूलचा आकडा त्यात बरोबर बसतो. आता पहिलं बघा. सकाळी साडेसहाला वारज्याच्या सर्व्हिस रोडला ५ किलोमीटर जायला १५ मिनिटं पुरतात. १५ दिवसांचे झाले पावणेचार तास. साडेचार हजारांना पावणेचारने भागा, तासाला १,२०० रुपये पडले. दुसऱ्याकडे साडेसहा हजार भागिले साडेदहा, म्हणजे तासाला सव्वासहाशेच्या आत. स्वस्त वाटलेलं स्कूल जवळजवळ दुप्पट महाग निघालं. तिसऱ्याने मिनिटं सांगितलेलीच नाहीत, ती तुम्ही विचारा.

किलोमीटरवर शिकवणी विकण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. रिव्हर्स शिकवताना अर्ध्या तासात गाडी जेमतेम अर्धा किलोमीटर हलते. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायचा सराव असेल तर तेवढीही हलत नाही. ज्यांना ५ किलोमीटर पुरे करून पुढच्या माणसाला घ्यायचंय, त्या सरांना रिव्हर्समध्ये वेळ घालवायची काय हौस? त्यांच्या दृष्टीने सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गेलेले ५ किलोमीटर सगळ्यात फायद्याचे, आणि नेमके तेच तुम्हाला सगळ्यात कमी शिकवतात.

अर्धा तास म्हणजे कोणाचा अर्धा तास, हेही विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी गाडीत तिघं असतात. एक स्टिअरिंगवर, दोघं मागे. मागे बसून दुसऱ्याच्या चुका बघण्यातून माणूस थोडंफार शिकतो, पण ती मिनिटं तुमच्या हिशेबात धरायची नाहीत. त्यातून आणखी एक गोष्ट होते, जी नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. तुमची वेळ संपते तिथे पुढच्या विद्यार्थ्याला घ्यायचं असतं, त्यामुळे तुमचा रस्ता त्याच्या घरावरून ठरतो. २१ दिवस तुम्ही त्याच चार गल्ल्यांतून जाता. बाविसाव्या दिवशी पाचवी गल्ली आली की हात थरथरतात.

आता पायांकडे येऊ.

शिकवणीच्या गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. आम्ही तिला डबल कंट्रोलची गाडी म्हणतो, आणि स्कूलच्या गाडीला नियमाने तो लागतोच. जीव वाचवायला तो हवाच, पण शिकवण्याची वाट लागते तीही त्याच्यामुळेच. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, तुमचा क्लच अजून नीट सुटत नाहीये. सर काय करतात? स्वतःचा पाय टाकतात. हाफ क्लच, म्हणजे अर्धा सोडलेला क्लच, तेच सांभाळतात, गाडी मऊ लोण्यासारखी उचलली जाते आणि तुम्हाला वाटतं, अरे वा, जमलं! पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. दहाव्या दिवशी तुम्ही खुश, सर खुश. खरं तर दहा दिवस तुम्ही फक्त स्टिअरिंग फिरवलेलं असतं.

हे दुसऱ्यांचं पाप सांगतोय असं समजू नका. पगारावर होतो तेव्हा मीही हेच केलं. दिवसाला १४ विद्यार्थी असायचे, प्रत्येकाची गाडी चौकात बंद पडू द्यायची तर रात्रीचे नऊ वाजायचे. मालकांचा हुकूम होता, गाडी थांबता कामा नये. एक दिवस एका काकांचा फोन आला. पक्कं लायसन्स मिळालं, नवी गाडी घेतली, आणि सोसायटीच्या गेटमधून ती बाहेर निघेना. सात वेळा बंद पडली. ‘सर, तुमच्या गाडीत तर एकदाही पडली नव्हती,’ असं ते अगदी साधेपणाने म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांच्याकडे जाऊन चार दिवस पैसे न घेता त्यांच्याच गाडीवर शिकवलं, तेव्हा कुठे बरं वाटलं.

म्हणून एक साधी खूण सांगतो. पहिल्या तीन-चार दिवसांत तुमच्या हातून गाडी एकदाही बंद पडली नाही, तर खुश होऊ नका, संशय घ्या. गिअरची गाडी शिकताना ती बंद पडलीच पाहिजे. झटके मारत पुढे गेली पाहिजे. दुसरी खूण तुमच्या तळपायाला कळते. सरांची पेडलं तुमच्या पेडलांना जोडलेली असतात, त्यामुळे त्यांनी क्लच दाबला की तुमचंही पेडल पायाखालून आपोआप खाली सरकतं. असं झालं की न लाजता विचारा, ‘सर, आत्ता पाय तुम्ही टाकलात का?’ चांगले सर ‘हो’ म्हणतील आणि का टाकला तेही सांगतील. समोर रिक्षा आडवी आली होती, हे कारण रास्त आहे. ‘तुम्ही पुढे बघा हो,’ हे उत्तर रास्त नाही.

चांगल्या शिकवणीचे पहिले दोन दिवस कसे जातात, तेही सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. पहिल्या दिवशी दहा मिनिटं गाडी जागेवरच असते. सीट पुढे-मागे करणं, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहतोय ना ते बघणं, उंची कमी असेल तर खाली उशी घेणं, तिन्ही आरसे लावणं. मग मोकळ्या सपाट जागेवर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, नुसता क्लच हळूहळू सोडून गाडी रांगायला लावायची. कुठल्या क्षणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी थरथरते, ते पायाला कळेपर्यंत वीस-पंचवीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण एवढं पक्कं झालं की चढ, ट्रॅफिक, रिव्हर्स सगळं त्याच्यावरच उभं राहतं. पहिल्याच दिवशी तुम्हाला कर्वे रोडला नेणारे सर धाडसी वाटतील. गाडी तेच चालवत असणार.

स्कूलच्या गाडीभोवती एकदा फेरीही मारा. उजव्या-डाव्या बाजूचे आरसे दुमडलेले असतील, तर तिथे आरसा शिकवत नाहीत. हे मी अजूनही रोज रस्त्यावर बघतो. टायर गुळगुळीत आहेत का, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ आहे का, स्कूलचं नाव-पत्ता गाडीवर लिहिलाय का, हे दोन मिनिटांत दिसतं. ऑफिसात स्कूलचा परवाना आणि शिकवणाऱ्यांची नावं भिंतीवर लावलेली असावीत, असा नियमच आहे. परवाना पाच वर्षांचा असतो, तारीख वाचा. परवाना आहे म्हणजे शिकवणी चांगली असं काही नाही, पण जो तो दाखवायला कां-कूं करतो त्याच्याकडे पुढचं काही विचारत बसू नका.

इथून पुढचं बरंचसं तुमच्यावर आणि तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे.

तुम्ही दहा वर्षं पुण्यात दुचाकी चालवताय ही मोठी जमेची बाजू. कोण कुठून घुसणार, पीएमटीची बस कधी डावीकडे दाबणार, हे तुमच्या अंगात भिनलंय. ज्यांनी कधी सायकलही चालवलेली नाही त्यांना मी २१ ऐवजी ३० दिवस सांगतो, तुम्हाला तेवढे लागणार नाहीत. पण दुचाकीवाल्यांच्या दोन खोडी चारचाकीत नडतात. फट दिसली की घुसायची सवय, ही पहिली. गाडीची डावी बाजू किती लांब आहे याचा अंदाज न येणं, ही दुसरी. उजवीकडे बसल्यावर डावं पुढचं चाक नक्की कुठे आहे ते कळायला मी विद्यार्थ्याला रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून डावं चाक चालवायला लावतो. चाक पट्टीवर आहे असं वाटलं की थांबायचं, उतरायचं, बघायचं. पहिल्यांदा बहुतेकांचं चाक पट्टीपासून हातभर लांब निघतं. तुमच्या स्कूलला डाव्या बाजूच्या सरावाबद्दल विचारून बघा. विद्यार्थी दुचाकीवरून आलाय म्हटल्यावर ज्यांना हा मुद्दा आपणहून सुचतो, ते सर शिकवणारे आहेत.

दुसरं, तुम्हाला गाडी कशाला हवी? ऑफिसला जायला. म्हणजे वारज्याहून हायवेवर चढायचं, चांदणी चौक, बावधन, बाणेर, वाकड आणि मग हिंजवडी. सर्व्हिस रोडवरून वेगात धावणाऱ्या ट्रकांच्या मधे मिसळणं हे तुमचं खरं काम, गल्लीतलं वळण नव्हे. म्हणून पैसे भरण्याआधीच बोलून घ्या: शेवटचे पाच दिवस याच रस्त्यावर, त्यातले निदान दोन ऑफिसच्या वेळेला. ‘आमची गाडी हायवेला जात नाही’ म्हणणारं स्कूल वाईट असतं असं नाही. त्यांचा पुढचा विद्यार्थी खोळंबतो, हे मला कळतं. पण मग ते तुमच्या उपयोगाचं नाही. काही सर एक-दोन दिवस सलग तास देतात, जास्तीचे पैसे घेतात. ते द्यावेत.

तिसऱ्या स्कूलचं पॅकेज. लर्निंगचा फॉर्म भरणं, टेस्टची तारीख घेणं, टेस्टला स्वतःची गाडी देणं, याचे पैसे घेतले तर त्यात गैर काही नाही, मीही घेतो. ‘टेस्टची काळजी आमच्यावर सोडा’ याचा अर्थ तेवढाच असेल तर ठीक. पण ‘तुम्ही फक्त येऊन बसा’ असा असेल तर तिथून उठा. चारचाकीच्या टेस्टला माझ्या विद्यार्थ्यांना मी इतकी वर्षं भोसरीच्या ट्रॅकवर नेत आलोय. आठचा आकडा काढायचा, इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकारात रिव्हर्स घ्यायचा, चढावर थांबून गाडी मागे न येऊ देता उचलायची. तिथे तुमच्या शेजारी पाय टाकायला कोणी नसतं. म्हणून स्कूलला विचारायचा प्रश्न असा: टेस्टआधी आठ आणि एच किती वेळा करून घेता, कुठे करून घेता?

तारखांचं गणितही नीट लावा. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. आता आधार असेल तर लर्निंग घरबसल्या निघतं. लर्निंग मिळाल्या दिवसापासून १५ दिवसांचा कोर्स केला, तर पुढचे १५ दिवस आणि तारीख मिळेपर्यंतचे आणखी काही दिवस हात रिकामा. नव्याने बसलेला पाय तेवढ्यात विसरतो. मी लर्निंग झाल्यावर आठ-दहा दिवस थांबून कोर्स सुरू करतो, म्हणजे शेवट टेस्टच्या जवळ येतो. आणि ‘लर्निंग नंतर काढू, उद्यापासून या’ असं कोणी म्हणालं, तर ते स्कूल तिथेच बाद. लर्निंगशिवाय तुम्ही स्टिअरिंगवर बसलात आणि काही झालं, तर निस्तरायचं तुम्हालाच आहे.

‘सरकारमान्य केंद्रात शिका, आरटीओची टेस्टच नको’ असंही तुमच्या कानावर येईल. ते अर्धं खरं आहे. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू आहेत. तिथला हलक्या गाडीचा कोर्स २९ तासांचा असतो, २१ तास गाडीवर आणि ८ तास वर्गात, आणि तिथली परीक्षा पास झाली की आरटीओच्या टेस्टमधून सूट मिळते. पण अशा केंद्राला सिम्युलेटर लागतो, स्वतःचा टेस्ट ट्रॅक लागतो, एक एकर जागा लागते. गल्लीतल्या दोन गाड्यांच्या स्कूलला हे लागू नाही. २०२४ च्या मे महिन्यात ‘आता ड्रायव्हिंग स्कूलमध्येच टेस्ट’ अशी आवई उठली, तेव्हा नियम बदललेले नाहीत असा खुलासा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला करावा लागला होता. माझ्याकडे त्या आठवड्यात रोज फोन यायचे. असं केंद्र तुम्हाला जायच्या-यायच्या अंतरात असेल आणि २९ तास काढता येत असतील, तर माझ्यापेक्षा तेच चांगलं, हे मी स्वतः स्कूल चालवत असूनही सांगतो.

तर तुमच्या तिघांपैकी आतापर्यंत दुसरं स्कूल पुढे आहे, पण फक्त कागदावर. तिथे पूर्ण पैसे भरू नका. एका दिवसाचे पैसे द्या आणि ज्या सरांकडे तुमची वेळ असेल त्यांच्याचबरोबर एक शिकवणी घ्या. ‘सर कोण मिळतील ते बघू’ हे उत्तर चालणार नाही. दर आठवड्याला सर बदलले, तर प्रत्येक जण नव्याने सुरुवात करतो आणि तुमचे दोन-दोन दिवस वाया जातात. त्या शिकवणीत सरांचे पाय बघा, मोबाइल बघा आणि आवाज ऐका. ओरडणाऱ्या सरांबद्दल लोक म्हणतात, ‘कडक आहेत पण शिकवतात.’ माझा अनुभव उलटा आहे. घाबरलेला माणूस पुढचा रस्ता बघत नाही, सरांचं तोंड बघतो.

बायकांनी मला खासगीत विचारलेली एक गोष्ट उघड सांगतो. गिअर शिकवायला विद्यार्थिनीच्या हातावर हात ठेवायची गरज नसते. सर आधी स्वतः टाकून दाखवू शकतात, मग तोंडाने सांगू शकतात. अचानक स्टिअरिंग धरावं लागतं ते वेगळं, ते एका क्षणात कळतं. नको वाटलं तर पहिल्याच वेळी स्पष्ट सांगा, त्याच दिवशी ऑफिसात सर बदलून मागा, आणि ते टाळाटाळ करत असतील तर उरलेले पैसे परत मागा. म्हणूनच पैसे दोन हप्त्यांत द्यायचे आणि पावतीवर दिवस, रोजची मिनिटं, गाडी, सरांचं नाव हे सगळं लिहून घ्यायचं. रोज किती वेळ चालवलं ते कार्डावर लिहून तुमची सही घेतली जात असेल, तर स्कूल बरं चाललंय.

घरच्या गाडीवर मधूनमधून सराव केला तर उत्तमच. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी, गाडीला पुढे-मागे ‘एल’ हवा. फक्त एक बघा: शेजाऱ्याचा हात हँडब्रेकपर्यंत पोचतो का? काही नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी नुसतं बटण असतं, ते त्यांना आधी वापरून बघायला लावा. घरच्यांबरोबर सराव करावा, नवीन काही शिकू नये. एकाच संध्याकाळी रिव्हर्स आणि अबोला दोन्ही पदरात पडल्याची उदाहरणं माझ्याकडे भरपूर आहेत.

आता तुमची शेवटची शंका. कायद्याने फरक नाही, कुठल्याही गाडीवर टेस्ट दिलीत तरी तेच लायसन्स दोन्हींना चालतं. घरी कुठली गाडी येणार ते ठरलं नसेल तर गिअरची शिका, तिथून ऑटोमॅटिकवर यायला दोन दिवस पुरतात, उलट जायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण ऑटोमॅटिकच घ्यायचं पक्कं असेल, किंवा गुडघा दुखत असेल, किंवा क्लचच्या धास्तीने तुम्ही वर्षानुवर्षं हे काम पुढे ढकलत आला असाल, तर खुशाल थेट ऑटोमॅटिक शिका. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तुमचं कौतुकच होईल. मात्र डबल कंट्रोल बसवलेली ऑटोमॅटिक गाडी फार थोड्या स्कूलकडे असते, ती आहे का ते आधी बघून या. आणि एक जपा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच. दोन पायांनी चालवणारा माणूस बेसमेंटच्या पार्किंगमध्ये घाबरला की दोन्ही एकदम दाबतो. पहिला आठवडाभर डावा पाय मागे ओढून, सीटला टेकवूनच बसा.